त्बिलिसीहून एका दिवसात म्त्सखेता : भाषा येत नाही, सोबत आई आहे

काठावरची:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नवऱ्याच्या कामामुळे जॉर्जियाच्या राजधानीत, त्बिलिसीत मुक्काम आहे. त्याच्या दिवसभर बैठका, त्यामुळे मी आणि आई (वय ६८) मोकळ्या. जुनं शहर, किल्ला, गंधकाच्या पाण्याची स्नानगृहं हे सगळं सवडीने पायी बघू. पण एक अख्खा दिवस शहराबाहेर काढायचा आहे. म्त्सखेता किंवा गोरी असं डोक्यात आहे.

अडचण भाषेची. मला इंग्रजी येतं, आईला मराठी आणि कामापुरतं हिंदी. जॉर्जियन आणि रशियन दोघींनाही अजिबात नाही. पाट्यांचे फोटो बघितले तर एक अक्षर ओळखीचं वाटेना. गटाच्या सहलीत जायचं नाही, कारण तिथे दिवसात चार ठिकाणं उरकतात आणि आईला ती घाई सोसत नाही. तिला एका जागी निवांत बसून बघायला आवडतं.

तर आम्ही दोघींनी आपलं आपण जाऊन संध्याकाळी परत यावं का? आणि भाषा येत नसताना नेमकं अडतं कुठे? भाषांतराचं ॲप आहे हे मलाही माहीत आहे, त्याच्या पुढचं कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

डोंगरवाट:
जरूर जा. आणि एकच दिवस असेल तर म्त्सखेताच. त्बिलिसीपासून जेमतेम २० किलोमीटर. त्बिलिसीच्या आधी कार्तली या जुन्या जॉर्जियन राज्याची राजधानी इथे होती. इथली जुनी चर्चेस १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. गावाशेजारी अराग्वी नदी म्त्क्वारीला मिळते आणि दोन्ही पाण्यांचे रंग बऱ्याचदा वेगवेगळे दिसतात.

तुमच्यासाठी मुद्द्याची गोष्ट अशी की गाव लहान आणि बऱ्यापैकी सपाट आहे. स्वेतित्सखोवेलीचं मोठं कॅथेड्रल मधोमध, भोवती तटबंदी, आत हिरवळीचं मोठं आवार. घुमट दुरून दिसतो, त्यामुळे रस्ता विचारावा लागत नाही. आईंना बसायला जागाच जागा.

जायचं कसं: मेट्रोने दीदुबे स्थानक. मेट्रोत नावं रोमन लिपीतही असतात आणि घोषणा इंग्रजीतही होते, म्हणजे तिथपर्यंत भाषेचा प्रश्नच नाही. तो सुरू होतो दीदुबेच्या बाहेर पडल्यावर. तिथे मोठा बाजार आणि त्यातच मार्शरुत्कांचा अड्डा. मार्शरुत्का म्हणजे पंधरा-वीस माणसांची व्हॅन, काचेवर गावाच्या नावाची पाटी. काझबेगी, गोरी, म्त्सखेता, सगळीकडच्या गाड्या तिथूनच सुटतात आणि चालक गावांची नावं ओरडत असतात.

ज्वारीचा मठ मात्र नदीपलीकडे डोंगरावर आहे, तिथे मार्शरुत्का जात नाही. म्त्सखेतातून टॅक्सी करावी लागते. सहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन सातव्याच्या सुरुवातीला पुरी झालेली वास्तू आहे. संगम वरून बघायचा तो इथूनच. ती सोडू नका.

पाटीपुस्ती:
लिपीबद्दल माझं थोडं.

जॉर्जियन लिपीत ३३ अक्षरं आहेत, नेहमीच्या लिखाणात इंग्रजीसारखा मोठ्या-छोट्या अक्षरांचा भेद नाही, आणि जसं लिहितात तसंच वाचतात. कुणाला वेळ असेल तर शिकायला सुंदर लिपी आहे. पण तुम्हाला एका दिवसासाठी तीनच नावं पुरतात, आणि ती वाचता यायला हवीत असंही नाही. नुसती ओळखता आली पाहिजेत.

त्बिलिसी हे नाव सात अक्षरांचं आहे. त्यातलं तिसरं, पाचवं आणि सातवं अक्षर एकच, 'इ'चं. वरून गोल आणि खाली उघडं असं छोटंसं अक्षर आहे. पाटीवर ते असं एकाआड एक तीनदा आलं आणि नाव त्याच्यावरच संपलं की ती तुमची परतीची गाडी. दीदुबे सहा अक्षरांचं, त्यात पहिलं आणि तिसरं सारखं. म्त्सखेताही सहाच अक्षरांचं, पण त्यात एकही अक्षर पुन्हा येत नाही.

आदल्या रात्री ही तीन नावं वहीत हाताने मोठी उतरवून काढा. फोटो बघण्यापेक्षा हाताने काढलेलं लवकर डोळ्यात बसतं. आईंनाही काढायला सांगा. एकीच्या नजरेतून सुटलं तर दुसरीला दिसेल.

सावलीचा_कोपरा:
मी थोडं वेगळं सांगतो. ६८ वर्षांच्या आई सोबत असताना मार्शरुत्काच्या गर्दीत कशाला शिरायचं? इंग्रजी बोलणारा चालक दिवसभरासाठी मिळतो, हॉटेलवालेही ठरवून देतात. म्त्सखेता, ज्वारी, वाटलं तर गोरी आणि उप्लिस्त्सिखेची लेणी, सगळं एका दिवसात होतं. तिथले लोक भले आहेत, पण भल्या माणसालाही तुमचं बोलणं कळलं नाही तर तो काय करणार? आईंना अचानक बरं वाटेनासं झालं तर गाडी जवळ असलेली बरी.

काठावरची:
तुमची काळजी रास्त आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, "गाडीत बसून काचेतून बघायचं तर घरी फोटो बघते." तिला माणसांत बसून जायचंय. म्हणून निदान जाताना तरी मार्शरुत्काच. ज्वारीसाठी टॅक्सी करू. गोरीचा विचार सोडून देतेय.

शेवटचा_थांबा:
चांगलं ठरवलंत. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, नेमकं अडतं कुठे.

जाताना अडत नाही. दीदुबेला परदेशी माणूस दिसला की तो काझबेगी किंवा म्त्सखेताला निघालाय हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही नाव उच्चारायच्या आधीच कुणीतरी हात करतं. अडतं परतताना. लहान गावात थांब्यावर पाटी असेलच असं नाही, गाड्या संध्याकाळी विरळ होतात, आणि तोवर आपणही दमलेलो असतो. थकल्यावर हातवारेसुद्धा सुचत नाहीत.

म्हणून म्त्सखेतात उतरल्यावर काहीही बघायच्या आधी परतीचा थांबा पक्का करा. उतरताना चालकाकडे बघून जमिनीकडे बोट दाखवा आणि फक्त "त्बिलिसी?" म्हणा. तो इथेच म्हणेल किंवा रस्त्यापलीकडे हात करेल. मग वही आणि पेन पुढे करा, शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्या. थांब्याचे दोन फोटो काढा, एक थांब्याचा आणि एक थांब्यावरून समोर दिसणाऱ्या इमारतीचा. संध्याकाळी तीच इमारत शोधायची आहे.

आणि ही एक गोष्ट मी भाषा न येणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पाळतो : प्रश्न असा विचारायचा की उत्तर बोटाने दाखवता येईल किंवा आकड्यात लिहिता येईल. "ही गाडी त्बिलिसीला जाते का?" असं विचारलं तर समोरचा माणूस, त्याला कळलं असो वा नसो, मान हलवून मोकळा होतो. त्याला तुम्हाला नाराज करायचं नसतं. त्या मानेवर विसंबून माणसं भलत्या गाडीत बसतात. त्याऐवजी नुसतं गावाचं नाव घ्या, दोन्ही हात मोकळे करा आणि गप्प राहा. आता त्याला हो म्हणून सुटता येत नाही, काहीतरी दाखवावंच लागतं. तेच दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. दोघांची बोटं एकाच दिशेला गेली की झालं.

ज्यांचं उत्तर बोटाने देता येत नाही असे प्रश्न, म्हणजे रविवारी गाड्या कमी असतात का, गाडी चुकली तर काय, टॅक्सीला साधारण किती पडतात, हे सगळे आदल्या संध्याकाळी हॉटेलात इंग्रजीतून विचारून टाका. रस्त्यावर त्यांची गरज पडता कामा नये.

वाळवण:
हे 'गप्प राहा' फार महत्त्वाचं आहे. आपण कळलं नाही की तेच इंग्रजी आणखी मोठ्याने बोलतो. त्याने समोरचा बावरतो.

वाचनखूण साठवली आहे.

हिशोबी_वही:
लिहून घ्या असं वर म्हटलंय त्याला माझा जोरदार दुजोरा, आणि त्यामागे कारण आहे.

जॉर्जियन आकडे विसाच्या पटीत चालतात. तीस म्हणायचं तर 'ओत्सदाआती', म्हणजे वीस आणि दहा. साठ म्हणजे तीन विसा, नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा. कुणी एक ते वीस पाठ करून गेलं तरी बोललेला भाव ऐकून कळेलच असं नाही. वेळेचं त्याहून नाजूक आहे. साडेपाच म्हणायला ते 'सहाचा अर्धा' अशा अर्थाचं बोलतात. एखाद्याने कष्टाने इंग्रजीत भाषांतर करून "सिक्स, हाफ" म्हटलं तर आपण साडेसहाची गाडी समजून बसणार आणि ती तासभर आधी गेलेली असणार. कागदावर १७:३० लिहिलं की वाद नाही.

पैशांचंही तसंच. नाणं लारी, १०० तेत्री म्हणजे एक लारी. सुटे ठेवा. मार्शरुत्काचे पैसे कुठे खिडकीवर देतात, कुठे उतरताना चालकाला. पुढचा माणूस काय करतो ते बघायचं आणि तेच करायचं.

काठावरची:
वेळेचं हे मला कधीच कळलं नसतं. वहीत पहिल्या पानावर लिहिलंय.

खाण्याचं काय? दोघीही शाकाहारी, अंडं चालतं. मेन्यूवर इंग्रजी असेल का आणि नसेल तर काय म्हणायचं?

मीठमोहरी:
खाण्याची काळजी करू नका, शाकाहारी माणसाला जॉर्जिया सोपा आहे. म्त्सखेतात पर्यटक भरपूर येतात, कॅथेड्रलच्या आसपासच्या बऱ्याच खानावळींत इंग्रजी मेन्यू असतो.

तरी एक शब्द पाठ करा : 'सामार्ख्वो'. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाचं जेवण. त्यात मांस, दूध, अंडी काहीच नसतं आणि वर्षातले बरेच दिवस ते उपास असतात, त्यामुळे स्वयंपाकघरात हा शब्द सगळ्यांना पक्का ठाऊक. "मांस नको" म्हटलं तर कुणी रश्श्यातलं मांस बाजूला काढून वाढेल. सामार्ख्वो म्हटलं की घोटाळा होत नाही. चीज चालत असेल तर खाचापुरी मागा, ती सामार्ख्वो नाही पण शाकाहारी आहे. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा, सोबत मक्याची म्चादी. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं सारण भरलेलं 'बाद्रिजानी' आईंना नक्की आवडेल.

दोन ठिकाणी सांभाळा. लोबिआनी ही राजम्याच्या सारणाची पोळी, पण राचा भागातल्या पद्धतीच्या लोबिआनीत डुकराचं मांस घालतात. आणि खिंकाली मुळात मांसाची. बटाटा, मश्रूम किंवा चीजची मिळते, पण ती तशी सांगावी लागते. मश्रूमला 'सोको', बटाट्याला 'कार्तोपिली'.

उत्तरवारा:
रशियनविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

सोव्हिएत काळात वाढलेल्या लोकांना रशियन चांगलं येतं, तरुणांना बहुतेक इंग्रजी. त्यामुळे परदेशी माणूस दिसला की वयस्कर लोक आपणहून रशियनमध्ये सुरुवात करतात. काही प्रवासी म्हणून चार रशियन शब्द शिकून जातात आणि सगळ्यांशी तेच बोलतात. मी म्हणेन, तसं करू नका. ऑगस्ट २००८ मध्ये युद्ध झालं, गोरीवर बॉम्ब पडले, रशियन सैन्य गावात शिरलं होतं. अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया, म्हणजे देशाचा जवळपास पाचवा हिस्सा, आजही जॉर्जियाच्या ताब्यात नाही. त्बिलिसीच्या भिंतींवरही हे लिहिलेलं दिसतं.

तोंडातून पहिला शब्द 'गामार्जोबा' आला पाहिजे. नमस्कार. शेवटचा 'माद्लोबा', आभारी आहे. नाहीला 'आरा', होकाराला 'की', बोलीत 'हो'सुद्धा. मार्शरुत्का थांबवायला 'गामिचेरेत'. एवढ्यावर दिवस निघतो. समोरचा पुढे रशियन बोलला तर बोलू दे, पण सुरुवात त्यांच्या भाषेतून व्हावी. चेहऱ्यात फरक पडतो, मी बघितलाय.

सावलीचा_कोपरा:
हे सगळं पटतंय. तरीही फोनवरच्या ॲपला इतकं खाली का टाकताय? जॉर्जियन आधी उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं.

शेवटचा_थांबा:
खाली टाकत नाही, त्याची जागा वेगळी आहे. मेन्यू, औषधाचं खोकं, दारावरची सूचना, म्हणजे छापील आणि थांबलेला मजकूर असेल तिथे ॲप उत्तम. चालत्या माणसाशी बोलायला नाही. फोन हातात आला की दोघंही पडद्याकडे बघायला लागतात, बोट आणि चेहरा दोन्ही निसटतात.

शिवाय जॉर्जियनमध्ये लिंगभेद नाही. तो, ती, ते, सगळ्यांना एकच सर्वनाम. मी एका थांब्यावर वाट बघत होतो, तिथल्या बाईंनी फोनवर काहीतरी लिहिलं, ॲपने इंग्रजीत दाखवलं "तो येईल". कोण येणार म्हणून मी रस्त्याकडे माणूस शोधत राहिलो. त्या गाडीबद्दल सांगत होत्या. शेवटी त्यांनी माझं मनगट धरून घड्याळावर दहाच्या जागी बोट टेकवलं, मग कळलं.

आणि एकच तातडीचा आकडा लक्षात ठेवा : ११२. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन, सगळ्याला तोच. हॉटेलचा पत्ता जॉर्जियनमध्ये लिहिलेली चिठ्ठी दोघींच्याही पर्समध्ये वेगवेगळी ठेवा. एकीकडेच नको.

पाटीपुस्ती:
चिठ्ठीबद्दल +१. आईंच्या चिठ्ठीवर तुमचा फोन नंबरही लिहा.

काठावरची:
जाऊन आलो! धागा वर काढतेय, कारण इथल्या प्रत्येक ओळीचा उपयोग झाला आणि ते सांगायलाच हवं.

दीदुबेला मेट्रोतून वर आलो तर समोर टोमॅटोचे ढीग, मसाल्यांची पोती, चपला, आणि त्यातून "काझबेगी, काझबेगी" अशा हाका. एक चालक तर आमच्या सोबतच चालायला लागला. मी वही उघडून म्त्सखेताचं पान धरलं आणि काही बोलले नाही. जर्दाळू विकणाऱ्या एका बाईंनी वही हातात घेतली, वाचली, शेजारणीला दुकानाकडे बघ अशी खूण केली आणि आईचा हात धरून चालायला लागल्या. गाडीपर्यंत आणून सोडलं. आईने पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढून दिली, त्यांनी ती लगेच तोंडात टाकली. गाडीच्या काचेवरची पाटी मी वहीशी अक्षर अक्षर जुळवून बघितली. जुळली.

गाडीत आईच्या शेजारी तिच्याच वयाच्या एक बाई. आई त्यांच्याशी मराठीत बोलायला लागली. गुडघे, मुलं, चष्म्याचा नंबर. त्या जॉर्जियनमध्ये बोलत होत्या. मी दोनदा मध्ये पडून इंग्रजीतून सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला, कारण माझी गरजच नव्हती. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं, आईनेही तसंच केलं, आणि नंतर दोघी खिडकीबाहेर एकमेकींना काय काय दाखवत होत्या. 'गामिचेरेत' आमच्या वतीने त्यांनीच म्हटलं.

उतरल्यावर आधी परतीचा थांबा. चालकाने रस्त्यापलीकडे हात केला आणि वहीत आकडा लिहिला. फोटो काढले. त्यानंतर दिवसभर पोटात गोळा असा राहिलाच नाही.

कॅथेड्रलच्या दारात टोपलीत ओढण्या आणि कमरेला गुंडाळायचे कापड ठेवले होते. मी जीन्समध्ये होते, तिथल्या बाईंनी माझ्याकडे आणि टोपलीकडे बघितलं, मी कापड गुंडाळलं. आईची साडी बघून त्यांनी छातीवर हात ठेवला. डोकं मात्र झाकायची खूण केली, आईने पदर घेतला.

आत दगडी खांब, अर्धवट पुसलेली भित्तिचित्रं, जमिनीत राजांच्या कबरी. आई एका कोपऱ्यात पाऊण तास बसून होती. तेवढ्यात मी बाहेर चक्कर मारत होते, तेव्हा एका आजोबांनी मला थांबवलं. उत्तरेच्या भिंतीवर उंच काहीतरी दाखवत होते. बऱ्याच वेळाने दिसलं : दगडात कोरलेला एक हात, मुठीत काटकोनासारखं अवजार. आजोबांनी स्वतःचा उजवा हात वर केला, डाव्या हाताने सगळ्या इमारतीवरून गोल खूण केली, म्हणजे हे सगळं या हाताने बांधलं. मग डाव्या हाताची कड उजव्या मनगटावर आपटली. आणि माझ्याकडे बघत राहिले, मला कळलं का म्हणून. मी माझं मनगट धरलं. त्यांनी मान डोलवली आणि पुढे निघून गेले. ही काय गोष्ट आहे? कुणाला माहीत असेल तर सांगा, आईलाही ऐकायची आहे.

ज्वारीसाठी टॅक्सी ठरवताना मी कागदावर चित्र काढलं. खाली गाव, वर डोंगरावर चर्च, जायचा बाण, वर घड्याळ आणि त्यात एक तास, परत यायचा बाण. शेजारी प्रश्नचिन्ह. चालकाने पेन घेऊन प्रश्नचिन्हाच्या जागी आकडा लिहिला, मी तो खोडून थोडा कमी लिहिला, त्याने मधला लिहिला. वरून दोन्ही नद्या स्पष्ट वेगळ्या दिसतात, एक मातकट आणि एक निळसर हिरवी. वारा मात्र प्रचंड आहे, वयस्कर माणसांना कान झाकायला काहीतरी न्या.

जेवायला लोबिओ आणि बाद्रिजानी. सामार्ख्वो हा शब्द ऐकून वाढणाऱ्या मुलीने मेन्यूच मिटवून ठेवला आणि स्वतःच आणून दिलं.

परतीच्या थांब्यावर आलो तर दोन गाड्या मागोमाग आल्या. पहिलीची पाटी आईने वाचली, वाचली म्हणजे, "हिच्यात ते अक्षर नाही" म्हणाली. दुसरीवर होतं, एकाआड एक, तीनदा.

डोंगरवाट:
वाचून फार आनंद झाला. आईंना नमस्कार सांगा.

आजोबांनी सांगितली ती अर्सुकिद्झेची गोष्ट. आज उभं आहे ते स्वेतित्सखोवेली १०१० ते १०२९ या काळात कॅथोलिकोस (जॉर्जियन चर्चचे प्रमुख) मेल्किसेदेकच्या वेळी बांधलं गेलं, स्थपती अर्सुकिद्झे. भिंतीवरच्या लेखात त्याचं नाव आहे. दंतकथा अशी की त्याचं काम इतकं उत्तम झालं की त्याच्या गुरूला मत्सर वाटला, त्याने राजाचे कान भरले आणि अर्सुकिद्झेचा उजवा हात तोडला गेला. तुम्ही बघितला तो हात त्याचा, असं लोक मानतात. हातात कोनमाप आहे. आजोबांनी काहीही गाळलं नाही, फक्त गुरूचा मत्सर तेवढा खुणेने सांगता आला नाही.

काठावरची:
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मत्सरही सांगितला असेल, तुझं लक्ष नसेल.

उंबरझाड:
हा धागा वाचून आम्ही गोरीला जायचं ठरवतोय, दोघं नवरा-बायको, भाषेच्या बाबतीत तुमच्यासारखेच. उप्लिस्त्सिखेची लेणी आणि स्टालिनचं संग्रहालय. दिवसात होईल का? भाषेच्या दृष्टीने म्त्सखेतापेक्षा अवघड?

उत्तरवारा:
लवकर निघालात तर आरामात होतं. मार्शरुत्का दीदुबेवरूनच. गोरी हे नाव चारच अक्षरांचं, शेवटचं अक्षर तेच वरून गोल 'इ'चं.

भाषेच्या दृष्टीने थोडं अवघड आहे, कारण गोरी नेहमीचं कामाधामाचं गाव आहे. संग्रहालयात इंग्रजीतून माहिती देणारे असतात. १९५७ मध्ये सुरू झालं आणि मांडणी अजून बरीचशी त्याच काळातली वाटते. आवारात स्टालिनचं जन्मघर आणि त्याचा चिलखती रेल्वेडबा आहे. आतली मांडणी आणि त्या माणसाने केलेली हत्याकांडं यांचा मेळ बसत नाही, तेव्हा आधी वाचून जा, तिथे सगळं सांगितलं जात नाही.

उप्लिस्त्सिखे गोरीच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर, टॅक्सीच करावी लागते. काठावरचीताईंचं चित्र तसंच्या तसं वापरा, फक्त घड्याळात दोन तास काढा, तासात लेणी होत नाहीत. खडकात कोरलेलं अख्खं गाव आहे, खाली नदीकडे उतरणारा बोगदा आहे, तो चुकवू नका. दगड उताराचे आणि गुळगुळीत आहेत, पाऊस झाला असेल तर चांगले बूट घाला. टॅक्सीवाल्याला पूर्ण पैसे गोरीत परत आल्यावरच द्या, आणि हेही चित्रातच दाखवा : लारीचं चिन्ह परतीच्या बाणाच्या टोकाशी.

शेवटचा_थांबा:
आणि टॅक्सीतून उतरताना गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या. वर पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.